झडपेभोवतीची गादी

ग्लेंडा ओल्डरॉइड कुठल्याही घरात शिरायची ती आधी नाकाने. दार उघडलं, आतल्या माणसाने "या, या" म्हटलं, की ती उंबऱ्यावरच एक लांब श्वास घ्यायची. त्या एका श्वासात तिला कळायचं, इथे भिंतीत ओल आहे, इथे कुत्रं पलंगावर झोपतं, इथे आठ दिवसांत हीटर लागलेला नाही. कीथली गावात तेवीस वर्षं गॅसचे आणि विजेचे मीटर वाचत हिंडलेली बाई ती. लोकांच्या जिन्याखालच्या कपाटांत जेवढी वाकली, तेवढी देवळातही कधी वाकली नसेल. पुढे कंपनीने आपलं वाचन आपणच पाठवणारे मीटर बसवले आणि तेवीस वर्षांची चाकरी एका ईमेलने संपली. "साधं पाकीटसुद्धा नाही गं," ती बहिणीला म्हणाली, "निदान चुरगाळून फेकायला तरी काहीतरी द्यायचं हातात!"

नवरा बॅरी त्याआधीच स्पेनला गेला होता, एका केस कापणाऱ्या बाईबरोबर. त्याला इथली थंडी सोसत नव्हती म्हणे. मेल्याला बाकी सगळं सोसत होतं. पोरबाळ नव्हतं. तेव्हा छप्पन्नाव्या वर्षी ग्लेंडाने लीड्सला जाऊन पाच दिवसांचा एक अभ्यासक्रम केला, परीक्षा दिली आणि घरांना दाखले देणारी झाली.

भाड्याच्या घराला तिथे दाखला लागतो. फ्रिजवर तारे असतात ना, तशी घराला अक्षरं. ए म्हणजे ऊब धरून ठेवणारं घर, जी म्हणजे चाळणी. ई-च्या खाली घसरलं की घर भाड्याने देता येत नाही. दाखला दहा वर्षं चालतो. ऐकायला किती गोड! गोरगरिबाला कुणी गारठ्यात ठेवू नये म्हणून सरकारने केलेली सोय. पण सोय पाळण्यात असते तेव्हाच तिची पळवाट शाळेत जाऊ लागलेली असते, हे सरकारला कधी कळायचं कोण जाणे.

ग्लेंडाचं काम तासाभराचं. लेसरच्या यंत्राने खोल्या मोजायच्या, बॉयलरचा फोटो, खिडक्यांच्या काचा एकेरी की दुहेरी ते बघायचं, आणि शेवटी शिडी लावून छताची झडप उघडायची. घरातली ऊब वर निघून जाऊ नये म्हणून माळ्यावर लोकरीसारखी जाड गादी अंथरलेली असते, तिच्यात टेप खुपसून जाडी मोजायची, फोटो काढायचा, झडप लावून खाली यायचं. किती आत जायचं याचाही नियम होता. डोकं आणि खांदे, बस्स. आत रांगत जाऊन कुणी छत फोडून खाली पलंगावर आदळलं तर भरपाई कोण देणार? मग गाडीत बसून सगळे आकडे फोनमध्ये भरायचे, की यंत्र अक्षर देतं. "अक्षर मी देत नाही हो, यंत्र देतं," हे ती घरमालकांना आणि भाडेकरूंना इतक्यांदा ऐकवायची, की तिचं तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

तिचं निम्मं काम एकाच माणसाकडून यायचं. क्लाइव्ह रशवर्थ. गावात त्याची एकतीस घरं, सगळी जुन्या दगडी रांगांमधली, गिरणी कामगारांसाठी बांधलेली. स्वतः मात्र इल्कलीला टेकडीवर राहायचा. त्याच्या घराचा दाखलाही ग्लेंडानेच दिला होता. तिथे फरशीखालून ऊब यायची. मोज्यांवर उभं राहिलं तरी तळवे सुखावायचे. माणूस तोंडाचा इतका गोड की मुंग्या लागाव्यात. "ग्लेंडा, राणी, तुझ्यासारखी प्रामाणिक बाई नाही या धंद्यात," असं दर वेळी म्हणायचा. आणि त्याच्या एकतीस घरांत नळ गळत, दारं फुगलेली, जिन्याचे कठडे हलत. पण माळ्यावरची गादी मात्र कुठेही बघा, भरभक्कम अकरा इंच! बाकी घराकडे ढुंकूनही न पाहणारा हा माणूस माळ्यापुरता एवढा उदार कसा, असं पाच वर्षांत एकदाही ग्लेंडाच्या मनात आलं नाही. की आलं होतं आणि तिने येऊ दिलं नाही, ते तिचं तिला ठाऊक.

फेब्रुवारीत तिला टेंटर रोवरच्या एका घराचं काम आलं. ही घरं पाठीला पाठ लावून बांधलेली. मागे दुसऱ्याचं घर, त्यामुळे मागचं दार नाही, मागची खिडकी नाही. खाली एक खोली, वर एक. दार उघडलं ते डोरीन टॉर्डॉफने. चौऱ्याहत्तर वर्षांची, चिमणीएवढी बाई. अंगात हिवाळी कोट, डोक्यावर विणलेली टोपी.

"बाहेर निघाला होतात का?" ग्लेंडाने विचारलं.

"छे गं. बाहेर जाताना टोपी काढते मी," डोरीन म्हणाली. "बाहेर कधीकधी ऊन असतं."

ग्लेंडाने श्वास घेतला आणि तो पुरा घ्यायच्या आतच सोडला. ओल्या घोंगडीचा आणि ब्लीचचा वास. नुसती ओल असती तर एक वेळ चाललं असतं. हा ब्लीचचा वास तिला ओलीपेक्षा वाईट वाटायचा, कारण त्यात माणसाचे कष्ट असतात. कुणीतरी रोज उठून भिंत घासतंय आणि रोज भिंत जिंकतेय, असा त्याचा अर्थ.

डोरीन बोलकी होती. सगळा जन्म गिरणीत विणलेल्या कापडातल्या गाठी बोटांनी चाचपून काढण्यात गेलेला. गिरणी बंद पडल्यावर शाळेच्या स्वयंपाकघरात. नवरा गेल्यावर मोठं घर परवडेना, म्हणून सात वर्षांपूर्वी इथे आली. मुलगा ऑस्ट्रेलियात. "तिकडे म्हणे उकडतं," ती म्हणाली. "थोडं पार्सलने पाठव म्हटलं त्याला."

वरच्या खोलीत गेल्यावर ग्लेंडाला पलंग दिसला, आणि तो भलत्याच जागी. भिंतीला लावलेला नाही, कोपऱ्यात नाही; ऐन खोलीच्या मध्यावर, झडपेच्या बरोबर खाली.

"हा इथे का ठेवलात हो? शिडी कुठे लावू मी?"

"ढकलू की दोघी मिळून. तिथे झोपलं म्हणजे तोंडावर थेंब पडत नाही रात्री. बाकी सगळीकडे टपकतं."

दोघींनी पलंग ढकलला. ग्लेंडा शिडीवर चढली. डोकं, खांदे. गादी होतीच, पिवळी, फुगीर, अकरा इंच. टेपचा फोटो काढला. उतरताना मात्र तिचा पाय शिडीच्या तिसऱ्या पायरीवर थांबला, कारण छत आता तिच्या नाकासमोर होतं. झडपेभोवती दोन हात छत पांढरंशुभ्र, कोरडं. त्यापुढे काळी बुरशी. कडेला तर अशी दाट, की बोट लावलं तर बोटावर यावी. पांढऱ्याची कड कात्रीने कापल्यासारखी सरळ होती.

असलं छत तिने पहिल्यांदा पाहिलं नव्हतं. ऑक्टोबरात रशवर्थच्याच दुसऱ्या एका घरात पाहिलं होतं. त्याआधीही एकदा. पाहिलं होतं आणि भाडेकरू खिडक्या उघडत नसतील, असं स्वतःला समजावून खाली उतरली होती.

ती परत वर चढली, आणि या खेपेला खांद्यांवर थांबली नाही. एकसष्टाव्या वर्षी, गुडघ्यात वंगण उरलं नसताना, ती कोपरांवर जोर देऊन अख्खी माळ्यावर गेली आणि तुळयांवरून रांगू लागली. टॉर्चच्या उजेडात जे दिसलं ते बघून तिच्या तोंडून एक शिवी निघाली, ती इथे लिहिण्यासारखी नाही. गादी होती ती झडपेभोवती दोन हात. बस्स! एका गुंडाळीचे तुकडे कापून, चार थर एकावर एक रचून, झडपेतून डोकं काढणाऱ्या माणसाला दिसेल एवढाच चौकोन सजवला होता. पलीकडची कड तर मुद्दाम उचलून ठेवली होती, म्हणजे कॅमेऱ्याला मागचं काही दिसू नये. त्यामागे उघड्या पट्ट्या, कबुतरांची विष्ठा, एक मेलेलं पिल्लू, आणि कौलांच्या फटीतून चक्क आभाळ. बडा घर पोकळ वासा म्हणतात, पण इथे घरही बडं नव्हतं. शी! माणूस चोरी करतो ती पोटासाठी करतो, लोभाने करतो, समजू शकतं. पण म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावरची ऊब चोरण्यासाठी एवढी कलाकुसर? मोजून, कापून, रचून?

आणि मग तिला दुसरी गोष्ट कळली. ही सजावट भाडेकरूसाठी नव्हती. भाडेकरू कशाला झडप उघडतोय. ही तिच्यासाठी होती. तिचं डोकं किती आत येतं, तिचा टॉर्च कुठवर पोचतो, ते मोजून केलेली. त्याच्या जेवढ्या घरांत तिने डोकं घातलं होतं, तितक्यांदा मान डोलावून खाली उतरली होती. 'तुझ्यासारखी प्रामाणिक बाई नाही!' नसेलच. इतकी सोयीची प्रामाणिक बाई त्याला दुसरी कुठे मिळणार होती?

तिने तिथूनच फोन लावला. रशवर्थ गावातच होता. अर्ध्या तासात दारात हजर झाला. हिरवं गुबगुबीत जाकीट, गाडीत कुत्रं. ग्लेंडाच्या केसांत कोळिष्टकं, गुडघे काळे. दोघं उंबऱ्यावरच उभे राहून बोलू लागले.

"तुला आत रांगायला कुणी सांगितलं गं?" तो हसत म्हणाला.

"छताने सांगितलं. वर जाऊन बघ, कसं काळं झालंय ते."

"काळं काय, म्हातारी माणसं खिडक्या उघडत नाहीत. आणि राणी, नियम काय आहे? डोकं आणि खांदे. तुझे गुडघे नियमात कुठे बसतात?"

"क्लाइव्ह, लाज वाटत नाही तुला?"

"फोटो काढलास ना? अकरा इंच आहे ना? मग खोटं काय आहे त्यात, सांग बघू."

"सगळ्या माळ्यावर गादी घाल. पंधरा दिवस थांबते मी. नाही घातलीस तर एफ लिहीन."

"लिही की." त्याने खांदे उडवले. आवाज मात्र त्याने चढवला, आत खोलीत नीट ऐकू जावा इतका. "एफ आलं की हे घर भाड्याने ठेवता येत नाही मला. कायदाच आहे, माझ्या हातात काय? मग जड अंतःकरणाने सांगावं लागेल डोरीनला, सामान बांध म्हणून. कौन्सिलच्या घरांसाठी थांबलेल्यांची यादी फार लांब आहे म्हणतात. तूच ठरव बाई. तू प्रामाणिक आहेस, मी कशाला मध्ये पडू?"

जड अंतःकरण! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. तो गेला, आणि जाताना खिडकीतून डोरीनला हात हलवून गेला. डोरीननेही हलवला.

ग्लेंडा आत आली तेव्हा डोरीनने टोपी काढून हातात घेतली होती. विरळ पांढरे केस डोक्याला चिकटलेले.

"ई लिही," ती म्हणाली.

"डोरीन, तुम्ही पाहिलं नाहीये वर काय आहे ते. तो माणूस तुम्हाला गेली सात वर्षं..."

"वर काय आहे ते मला कशाला सांगतेस? मी त्याच्याखाली झोपते." तिने ग्लेंडाचं मनगट धरलं. बोटं बर्फासारखी. "हे बघ पोरी. थंडीत कसं राहायचं ते मला येतं. रस्त्यावर कसं राहायचं ते येत नाही. या वयात शिकवू नकोस मला. ई लिही."

"ते खोटं होईल."

"मग होऊ दे. तुझं काय जातंय? घर माझं जातंय." मग एकदम ओशाळून म्हणाली, "बस ना जरा. चहा टाकते. आल्याचा केक आहे कालचा, पार्किन."

कामावर असताना ग्लेंडा कुणाकडे कधी बसत नसे. मीटरच्या दिवसांपासूनचा नेम. चहा घेतला की मिंधेपण येतं, असं तिचं म्हणणं. त्या दिवशी ती बसली, चहा प्यायली, चिकट केक खाल्ला आणि गाडीत जाऊन फोनमध्ये आकडे भरले. माळ्यावरची गादी, अकरा इंच. फोटो जोडला. ई लागतं एकोणचाळीस गुणांपासून. यंत्राने घराला चाळीस दिले. एकही आकडा खोटा नव्हता, एकही फोटो खोटा नव्हता. नियमाच्या पुस्तकात बोट घालून कुणी चूक दाखवू शकला नसता. याचीच तिला जास्त शिसारी आली. सरळ खोटं बोललेल्या माणसाला निदान आपण खोटं बोललो एवढं तरी म्हणता येतं.

डोरीन खिडकीत उभी राहून दोन्ही अंगठे वर करून दाखवत होती. तिचे ते आभार बघवेनात. कुणी थोबाडीत मारली असती तर बरं, असं ग्लेंडाला वाटलं. घरी येऊन तिने भांड्यांच्या साबणाने तीनदा हात धुतले. आणि आता खरं सांगायचं तर पुढचंही सांगायला हवं. त्याच महिन्यात रशवर्थची आणखी दोन घरं तिने केली. डोकं, खांदे, फोटो. छताकडे मान वर करून पाहिलं नाही.

मार्चच्या शेवटी डोरीनचा फोन आला. "कागद आलाय गं. तुझं कार्ड फ्रिजवर लावलेलं होतं, म्हणून तुलाच केला. मला चष्म्यानेही नीट कळत नाहीये."

कागद नीट कळण्यासारखाच होता. दोन महिन्यांत घर रिकामं करा. कारण दिलेलं नव्हतं. कारण द्यायची गरजच नव्हती. सोबत टाचणी लावून, रंगीत छापलेला, ग्लेंडाच्या सहीशिक्क्याचा दाखला. वर ठळक ई.

"पण ई आलं होतं ना?" डोरीन पुन्हा पुन्हा म्हणत होती. "ई आल्यावर काढणार नव्हता ना तो? तूच ऐकलंस की नाही?"

गावच्या वाचनालयात मंगळवारी सल्लामसलतीचं टेबल असतं. ग्लेंडा तिला तिथे घेऊन गेली. टेबलामागे नाजिश नावाची मुलगी, तिशीतली, डोक्याला ओढणी, समोर फायलींचा ढीग. तिने नोटीस वाचली, दाखला उलटसुलट पाहिला.

"आंटी, हा दाखला तुमच्या हातात कधी दिला त्यांनी?"

"नोटिशीबरोबरच आला की."

"त्याआधी? घर घेतलंत तेव्हा?"

"नाही बाई. सात वर्षांत कधीच नाही. असतो असा काही कागद, हेही ठाऊक नव्हतं मला."

नाजिशने पेन खाली ठेवलं. "मग झालं. आंटी, हा कागद भाडेकरूच्या हातात दिल्याशिवाय अशी नोटीस देताच येत नाही. दिली तर ती चहाचा कप ठेवायच्या लायकीची. सात वर्षं तो तुम्हाला हात लावू शकत नव्हता, आणि त्याला ते पक्कं माहीत असणार. म्हणून घाईघाईने दाखला काढून घेतला. आता घर विकेल, नाहीतर वाढीव भाड्याने देईल."

"पण ई आलं..." डोरीन म्हणाली.

"ई येऊ दे नाहीतर एफ येऊ दे. तुम्हाला काढायला त्याला नुसता कागद हवा होता. पाहणीला आलेल्या माणसाला तुम्ही दारच उघडलं नसतंत ना, तर आज इथे यावं लागलं नसतं."

हात दाखवून अवलक्षण, ते हे. ग्लेंडाला आता सगळं उलगडलं. म्हणजे उंबऱ्यावरचं ते सगळं नाटक होतं! ते 'तूच ठरव बाई', ते मोठ्याने बोलणं, सगळं. ती एफ की ई यावर जीव जाळत बसली आणि तो मनात हसत होता, कारण त्याला कुठलंही अक्षर चालणार होतं. तिने नुसतं तोंड फिरवून, काही न लिहिता, गाडी चालू करून घर गाठलं असतं तर या म्हातारीच्या केसालाही धक्का लागला नसता. मीटरपासून बॉयलरपर्यंत सगळं कळतं म्हणून मिरवणाऱ्या बाईला एवढा एक कायदा ठाऊक नव्हता. भिंती मोजल्या, काचा मोजल्या, आणि समोरच्या माणसाने आपल्याला मोजलंय ते कळलंच नाही.

"वाट एकच आहे," नाजिश सांगत होती. "दाखला चुकीचा आहे, असं तो देणाऱ्यानेच लिहून दिलं तर रद्द होतो. दाखला गेला की नोटीसही लंगडी पडते. पण असं कोण लिहून देतंय? त्यांचा परवाना जातो, पोटावर पाय येतो. कोण आहे हा? जी. ओल्डरॉइड." तिने वर पाहिलं. "आठवतो का तुम्हाला हा माणूस?"

टेबलाखाली डोरीनचा बूट ग्लेंडाच्या पायावर पडला. चांगला जोरात.

"होता एक," डोरीन शांतपणे म्हणाली. "लांबलचक. मिशा होत्या. खोकत होता सारखा. आता कुठे सापडायचा!"

नाजिशने बिचारीने ते खरंच लिहून घ्यायला सुरुवात केली. उंच, मिशा. ग्लेंडाने ते लिहू दिलं. तो मिशाळ माणूस तिला क्षणभर फार आवडला. त्याच्यावर सगळं घालून आपण गाडीत बसावं, घरी जावं, सूप गरम करावं. नाजिशचं पेन 'खोकला' या शब्दापर्यंत पोचलं, तोवर ती गप्प बसली. मग तिला स्वतःची अशी किळस आली, की ती शब्दांवाटे बाहेर पडल्याशिवाय राहिनाच.

"खोडा ते," ती म्हणाली. "मिशा नाहीत. मीच ती ओल्डरॉइड."

"गप्प बस गं!" डोरीन कळवळली. "खुळी आहे ही. बाई, हिचं नका ऐकू. माझ्याकडे चहा प्यायलीय ती, म्हणून बोलतेय."

"माळ्यावर गेले होते मी. झडपेभोवती दोन हात गादी आहे, पुढे कबुतरं आहेत. मी डोळ्यांनी पाहिलं आणि मग ई लिहिलं. द्या तो कागद इकडे."

नाजिशने कागद सरकवला. मग विचारलं, "हे एकच घर असं आहे, की आणखी?"

"आणखी द्या कागद," ग्लेंडा म्हणाली.

परवाना गेला. चौकशी समितीत तीन माणसं होती. त्यांनी तिला सर्वांत जास्त वेळा हेच विचारलं, की तुम्ही विमा नसताना माळ्यावर रांगत का गेलात. रशवर्थला कुणी काही विचारलं नाही. त्याने तर कुठे सहीच केली नव्हती. ग्लेंडा आता एका दुकानात फळ्यांवर डबे रचते. बाकीच्या घरांचंही लिहून दिल्याबद्दल बाजारात त्याच्या एका भाडेकरणीने तिला गाठून फैलावर घेतलं, "तू कोण गं आमची घरं घालवणारी?" म्हणून. ग्लेंडाने मान खाली घालून ऐकून घेतलं.

पण डोरीनची नोटीस पडली. नाजिशने पत्र लिहिलं, रशवर्थच्या वकिलाने मुकाट्याने कागद मागे घेतला. जिंकली म्हणायची डोरीन! काय जिंकली? गळकं छत, दोन हात पांढरी जागा, आणि त्याखाली झोपायचा हक्क. तिथे अशालाच विजय म्हणतात, आणि लोक त्यावर एकमेकांचं अभिनंदनही करतात.

रशवर्थ काही हातावर हात ठेवून बसणारा नव्हता. नोव्हेंबरात पत्र आलं, गुरुवारी सकाळी दहाला पाहणीसाठी नवा माणूस येईल, सहकार्य करावं. नाजिशने फोनवर सांगितलं, "आंटी, दार उघडू नका. न्यायालयाची चिठ्ठी आणल्याशिवाय त्याला आत येता येत नाही, आणि त्याला महिने लागतात. तोवर आपण बघू." म्हणजे कायदा, सरकार, सगळं एका बाजूला, आणि बाईचं घर तगून राहणार होतं ते एका कडीवर.

गुरुवारी ग्लेंडाने सुटी घेतली आणि नऊलाच येऊन बसली. बाहेर गारठा होता. डोरीनने दिवे लावले नाहीत, रेडिओ बंद केला, पडदे ओढले. हीटर चालू केला की बॉयलरच्या नळीतून बाहेर वाफ दिसते, म्हणून तोही बंद. मागचं दार नसलेल्या घरात दोघी कोट घालून, हात काखेत दाबून, भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या. आपल्याच घरात, चोरासारख्या! ग्लेंडाला ओरडावंसं वाटत होतं.

दहाला पावलं वाजली. शिडी दगडाला टेकल्याचा आवाज आला. घंटा वाजली. डोरीनने डोळे मिटून घेतले. पुन्हा घंटा. मग दारावर थाप, आणि एक सभ्य, जरा दमलेला आवाज, "मिसेस टॉर्डॉफ? पाहणीसाठी आलोय. तासाभराचंच काम आहे. तुमच्या फायद्याचंच आहे." ग्लेंडाचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. शब्द न् शब्द तिला पाठ होता. अभ्यासक्रमात शिकवतातच तसं. दाराच्या फटीतून एक कार्ड आत पडलं. शिडी उचलली गेली. पावलं लांब गेली.

डोरीनने डोळे न उघडताच हळूच विचारलं, "गेला का गं?"

"गेला."

"परत येईल?"

"येईल," ग्लेंडा म्हणाली. "मीही यायचे."